स्वतंत्र डिझायनर आणि स्वामित्वहक्क : बिदर-कलबुर्गी सीमाभागाच्या संदर्भात

बिदर, भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद आणि कलबुर्गी या गावांतील बाजारपेठेत फेरफटका मारला तर प्रत्येक मोठ्या रस्त्यावर एखादे तरी डीटीपीचे दुकान दिसते. लग्नाचे रुक्के, जलशाचे इश्तिहार, उर्साचे फलक, मराठी लग्नपत्रिका, कन्नड नामफलक, शिकवणी वर्गांची बोधचिन्हे असे सारे तेथे तयार होते. एकाच मुलाला उर्दू, मराठी, कन्नड व इंग्रजी या चारही लिप्यांत काम करावे लागते. हे कौशल्य अन्यत्र सहसा आढळत नाही आणि ते आपल्या भागाचे भांडवल आहे. पूर्वी कातिब जे काम बोरूने करीत असत, ते आता आपले विद्यार्थी संगणकावर करतात. त्यांपैकी अनेक जण कोणाच्या पगारावर नसतात. फोनवर काम घेतात, रात्री बसून करतात आणि फोनवरच पाठवून देतात.

कम्युनिटी कॉलेजांमधून आपण या मुलांना कोरल ड्रॉ, फोटोशॉप, इनपेज शिकवतो. परंतु केलेले काम कोणाचे, हा प्रश्न आपल्या अभ्यासक्रमात बहुधा येत नाही. प्रस्तुत लेखाचा हेतू ही उणीव थोडीफार भरून काढण्याचा आहे. लेखक कायद्याचा पदवीधर नाही, भाषेचा अध्यापक आहे. त्यामुळे वकिलाचा सल्ला म्हणून नव्हे, तर वर्गात शिकवता यावे एवढ्या बेताने हे विवेचन वाचावे.

विषयाकडे माझे लक्ष एका माजी विद्यार्थ्यामुळे गेले. त्याने एका शिकवणी वर्गासाठी बोधचिन्ह करून दिले. मोबदला दोन हजार रुपये, कागदपत्र काहीच नाही. दोन वर्षांनी तेच चिन्ह वह्या, दप्तरे, गणवेश यांवर आले, आणि शेजारच्या जिल्ह्यात दुसऱ्याच नावाच्या वर्गाने रंग बदलून ते वापरलेले त्याला दिसले. विचारायला गेला तेव्हा उत्तर मिळाले, ‘‘पैसे दिले होते ना तुला? मग आता तुझं काय राहिलं?’’ मुलगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘‘सर, खरंच माझं काही राहिलं नाही का?’’ मला त्या दिवशी उत्तर देता आले नाही. पुढील मजकूर म्हणजे ते उशिराने दिलेले उत्तर होय.

हक्क केव्हा जन्मतो?

भारतीय स्वामित्वहक्क कायदा १९५७ चा आहे. त्यात वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या. त्यांपैकी २०१२ ची दुरुस्ती आपल्या विषयासाठी महत्त्वाची आहे. या कायद्यातील ‘कलाकृती’ या शब्दाच्या व्याख्येत चित्र, शिल्प, रेखाचित्र, नकाशा, कोरीवकाम, छायाचित्र आणि कलात्मक कारागिरीचे काम यांचा समावेश होतो. चित्र, रेखाचित्र, छायाचित्र वगैरेंमध्ये कलात्मक गुण असो वा नसो, संरक्षण मिळतेच, असे कायदा स्पष्ट सांगतो. म्हणजे किराणा दुकानाचे साधे बोधचिन्हही यात येऊ शकते. काम कागदावर किंवा संगणकात उतरले की हक्क आपोआप निर्माण होतो. नोंदणी सक्तीची नाही. हा हक्क कलावंताच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर आणखी साठ वर्षे टिकतो.

मात्र हक्क कल्पनेवर नसतो, तिच्या मांडणीवर असतो. सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या १९७८ च्या निकालात हे तत्त्व सविस्तर मांडले आहे. वर्गात सांगायचे तर आपल्या परिसरातीलच उदाहरण सोपे पडते. ‘बिस्मिल्लाह’ हे शब्द कोणाच्याही मालकीचे नाहीत. ते तुग़रा शैलीत लिहिण्याची कल्पनाही कोणाची नाही. परंतु एखाद्या खुशनवीसाने अलिफ-लामची जी विशिष्ट गुंफण केली, ती त्याची आहे. तीच स्कॅन करून आपल्या रुक्क्यावर छापणे म्हणजे त्याच्या हक्काचा भंग होय. तीच गोष्ट मराठी पत्रिकेवरील गणपतीची किंवा वारली पद्धतीच्या किनारीची. मौलिकता किती असावी, याचेही माप न्यायालयाने दिले आहे. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या निकालानुसार (डिसेंबर २००७) केवळ श्रम पुरेसे नाहीत, किमान थोडी सर्जनशीलता हवी. अर्थात तयार नमुन्यात फक्त नवरा-नवरीचे नाव बदलणाऱ्याने स्वामित्वहक्काची भाषा जपूनच वापरावी.

पहिला मालक कोण?

येथे सर्वांत जास्त गैरसमज आहेत. ‘ज्याने पैसे दिले तो मालक’ ही बाजारातील समजूत. कायद्याचे सतरावे कलम वेगळे सांगते. सर्वसाधारण नियम असा की, ज्याने कृती निर्माण केली तोच पहिला मालक. पुढे अपवाद आहेत आणि ते नीट वाचावे लागतात.

एक अपवाद नोकरीचा. पगारावर असलेल्या माणसाने नोकरीचे काम म्हणून केलेली कृती, उलट करार नसल्यास, मालकाची ठरते. यात ‘नोकरीचा करार’ आणि ‘काम करून देण्याचा करार’ यांत फरक केला जातो. ठरलेली वेळ, मासिक वेतन, वरिष्ठाचे नियंत्रण असेल तर नोकरी. स्वतःच्या संगणकावर, स्वतःच्या वेळेत, कामागणिक पैसे घेणारा स्वतंत्र डिझायनर या अपवादात येत नाही. आपल्याकडे अडचण अशी की पुष्कळ मुले दिवसा दुकानात पगारावर बसतात आणि रात्री स्वतःची कामे करतात, बरेचदा दुकानाच्याच संगणकावर. कोणते काम कोणत्या नात्याने केले हे सिद्ध करणे मग कठीण होते. अशा मुलांना मी एकच सांगतो : रात्रीचे काम वेगळ्या यंत्रावर आणि वेगळ्या ईमेलवर ठेवा.

नोकरीचा अपवादही अमर्याद नाही. केरळमध्ये ‘टॉम्स’ या नावाने प्रसिद्ध असलेले व्यंगचित्रकार व्ही. टी. थॉमस यांची ‘बोबन आणि मॉली’ ही पात्रे घराघरांत पोहोचली होती. ते मलयाळ मनोरमा समूहाच्या नोकरीत होते. १९८७ मध्ये नोकरी सोडल्यावर त्यांनी तीच पात्रे अन्यत्र काढायला सुरुवात केली, तेव्हा वाद न्यायालयात गेला. पात्रे त्यांनी नोकरीत येण्यापूर्वीच निर्माण केली होती. नोकरी संपल्यानंतरच्या त्यांच्या नव्या रेखाटनांवर जुना मालक हक्क सांगू शकत नाही, असा केरळ उच्च न्यायालयाचा कल १९८८ च्या निकालात दिसतो. नोकरी बदलणाऱ्या प्रत्येक डिझायनरने हा निकाल लक्षात ठेवावा.

दुसरा अपवाद आपल्या भागात अधिक लागू होतो. छायाचित्र, रंगचित्र, व्यक्तिचित्र, कोरीवकाम किंवा चित्रपट कोणी मोबदला देऊन, सांगून करवून घेतला, तर उलट करार नसल्यास करवून घेणारा पहिला मालक ठरतो. म्हणून लग्नाची छायाचित्रे काढणाऱ्याचा त्यांवर हक्क राहत नाही. एखाद्या नेत्याचे व्यक्तिचित्र मोबदला घेऊन काढले तर तेही ज्याने सांगितले त्याचे. मात्र या यादीत रेखाचित्र नाही. बोधचिन्ह, फलकाची मांडणी, हाताने काढलेले शीर्षकाक्षर ही स्वतंत्र डिझायनरची कामे सामान्यतः मूळ नियमातच राहतात. ग्राहकाने ज्या कारणासाठी काम करून घेतले त्या कारणासाठी ते वापरण्याची मुभा त्याला मिळते, मालकी मात्र मिळत नाही. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. त्याचे पुष्कळ काही राहिले होते. दुसऱ्या जिल्ह्यातील वर्गाला तर काडीचाही अधिकार नव्हता.

अध्यापकांनी येथे थोडे स्वतःकडेही पाहावे. विद्यार्थी हा महाविद्यालयाचा नोकर नसतो. त्याने वार्षिकांकाचे मुखपृष्ठ केले तर ते त्याचेच. बोधचिन्ह स्पर्धा घेताना ‘सर्व हक्क संस्थेकडे’ असे हवे असेल तर नियमातच तसे लिहून विजेत्याची सही घ्यावी लागेल. २०१० मध्ये रुपयाच्या चिन्हासाठी झालेल्या स्पर्धेत हेच केले गेले. डी. उदयकुमार यांचे चिन्ह निवडले गेले, बक्षीस अडीच लाख रुपये होते आणि स्वामित्वहक्क भारत सरकारकडे सोपवण्याची अट आधीच जाहीर होती. अट चांगली की वाईट हा वेगळा प्रश्न आहे, पण ती कागदावर होती.

कागद

एकोणिसावे कलम म्हणते की हक्काचे हस्तांतरण लेखी आणि हस्तांतर करणाऱ्याच्या सहीचे असेल तरच वैध. तोंडी ‘घ्या, आता तुमचंच’ म्हटल्याने हक्क जात नाही. लेखात कोणती कृती, कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मोबदला हे यावे लागते. काळ लिहिला नसेल तर पाच वर्षे धरली जातात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणखी एक तरतूद फार थोड्यांना ठाऊक आहे. हक्क घेणाऱ्याने एका वर्षाच्या आत तो वापरला नाही, तर करारात वेगळे लिहिले नसल्यास तो हक्क पुन्हा मूळ मालकाकडे येतो.

बहुतेक वेळा हस्तांतरणाची गरजच नसते, परवाना पुरतो. परवानाही लेखी हवा, पण २०१२ च्या दुरुस्तीनंतर त्यावर सहीची अट राहिलेली नाही. म्हणजे छोट्या कामासाठी एक संदेश किंवा ईमेलसुद्धा उपयोगी पडतो. मी मुलांना पुढीलप्रमाणे मजकूर पाठवायला सांगतो आणि ग्राहकाचे ‘मान्य’ असे उत्तर आल्यावरच काम सुरू करायला सांगतो : ‘अमुक संस्थेसाठी बोधचिन्ह. वापर : फलक, पत्रशीर्ष व पावतीपुस्तक. विक्रीच्या वस्तूंवर वापरायचे असल्यास वेगळा मोबदला. मूळ फाइल दिली जाणार नाही. एकूण रक्कम इतकी, निम्मी आगाऊ. दुरुस्त्या दोन वेळा. स्वामित्वहक्क डिझायनरकडे.’ एवढ्यावरून ग्राहक नाराज होतो का? काही होतात. माझा अनुभव असा की जो या सात वाक्यांवर भांडतो, तो पैशांवरही भांडणारच असतो.

मूळ फाइलचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण कच्च्या रेषा, तारखांसह जतन केलेल्या फाइल्स आणि ग्राहकाशी झालेले संदेश हाच उद्या न्यायालयातील पुरावा असतो. फोन बदलताना मुले हे सारे पुसून टाकतात.

नावाचा हक्क

हक्क विकला तरी एक गोष्ट विकली जात नाही. सत्तावन्नाव्या कलमानुसार आपण कर्ता आहोत असे सांगण्याचा, आणि आपल्या लौकिकाला बाधा येईल अशी मोडतोड रोखण्याचा अधिकार कलावंताकडेच राहतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे कांस्यभित्तिशिल्प दिल्लीच्या विज्ञान भवनातून १९७९ मध्ये काढले गेले आणि ते भग्नावस्थेत गोदामात गेले. शिल्प सरकारचे आहे, असा सरकारचा बचाव होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तो अमान्य केला, अवशेष शिल्पकाराला परत करण्यास आणि पाच लाख रुपये भरपाई देण्यास सांगितले.

बिदरच्या माणसाला ही कल्पना परकी वाटू नये. शहराजवळच्या अष्टूर येथे अहमदशाह वली बहमनीच्या मकबऱ्यात रंगकाम करणाऱ्या शुक्रुल्लाह कझवीनीचे नाव अजून टिकून आहे. सुलतान १४३६ मध्ये वारला. राजाच्या कबरीवर चित्रकाराला आपले नाव लिहू दिले गेले. आज आपल्या फ्लेक्सवर वीस कार्यकर्त्यांची छायाचित्रे आणि छपाईवाल्याचा फोन नंबर असतो, फक्त काम करणाऱ्याचे नाव नसते.

बिदरीचा वेगळा हिशेब

बिदरी कामासाठी नमुने काढून देणाऱ्यांची गोष्ट स्वतंत्रपणे सांगावी लागते. जस्त व तांबे यांच्या मिश्रधातूचे ओतकाम, त्यावर चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवणे, आणि किल्ल्यातील मातीत नवसागर मिसळून काळा रंग आणणे, ही प्रक्रिया सर्वांना ठाऊक आहे. शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाल्यानंतर या कलेकडे पुन्हा लक्ष गेले. बिदरीला २००६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असल्याने आपण सुरक्षित आहोत, असे अनेक कारागीर मानतात. पण मानांकन ‘बिदरी’ या नावाचे संरक्षण करते. दुसरीकडे तयार झालेली वस्तू बिदरी म्हणून विकण्यास ते आडकाठी करते. एका कारागिराचा नवा नमुना शेजारच्याच कारागिराने उतरवला, तर त्यावर मानांकनाचा काही उपयोग नाही.

मग स्वामित्वहक्क? येथे पंधरावे कलम आडवे येते. वस्तूवर वापरता येईल असा, डिझाइन कायद्याखाली नोंदवण्याजोगा नमुना असेल, तो नोंदवला नसेल, आणि मालकाने किंवा त्याच्या परवानगीने इतर कोणी औद्योगिक प्रक्रियेने त्या वस्तू पन्नासपेक्षा अधिक वेळा तयार केल्या, तर त्या नमुन्यावरील स्वामित्वहक्क संपतो. हाताने घडवलेली प्रत्येक सुराही ‘औद्योगिक प्रक्रिया’ ठरेल का, यावर वाद घालता येतो. परंतु साचा एकदा तयार झाला की एकावन्नावी वस्तू दूर नसते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये क्रायोगॅस विरुद्ध आयनॉक्स या प्रकरणात कलाकृती आणि औद्योगिक डिझाइन यांतील सीमारेषा कशी तपासावी, हे सांगितले आहे. त्यात कृतीचा मुख्य हेतू उपयुक्ततेचा की कलात्मकतेचा, या कसोटीला महत्त्व आहे. वादात पडण्यापेक्षा डिझाइन कायदा २००० खाली नोंदणी करणे शहाणपणाचे. ती दहा वर्षांसाठी मिळते व पुढे पाच वर्षे वाढते. अट एकच आणि ती कडक : अर्ज करण्यापूर्वी नमुना प्रसिद्ध झालेला नसावा. आधी प्रदर्शनात मांडला, फोनवरून शंभर जणांना पाठवला आणि मग नोंदणीला गेला, तर नावीन्य संपलेले असते. आपले कारागीर नेमके हेच करतात, कारण नवी वस्तू दाखवण्याचा आनंद आवरत नाही.

आपलेच घर

दुसऱ्याकडून हक्काचा आदर मागणाऱ्याने आपला संगणकही तपासावा. आपल्या किती दुकानांत, आणि खरे बोलायचे तर किती प्रयोगशाळांत, परवाना घेतलेली प्रणाली असते? संगणक प्रणालीची चोरीची प्रत जाणूनबुजून वापरणे हा कलम ६३-ब नुसार स्वतंत्र गुन्हा आहे. अक्षरांचेही तसेच. मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडाकृती हाताने लिहून सिद्ध केलेले नूरी नस्तालीक १९८१ मध्ये आले आणि उर्दू छपाईचे रूपच पालटले. त्या श्रमाची किंमत किती जणांनी मोजली? आता सबब उरलेली नाही. उर्दूसाठी नोटो नस्तालीक, देवनागरीसाठी मुंबईच्या एक टाइप संस्थेचे मुक्त आणि बालू हे टंक खुल्या परवान्यावर मिळतात, व्यावसायिक कामासाठीही चालतात. रेखाटनासाठी इंकस्केप आहे. अभ्यासक्रमात यांना जागा द्यायला खर्च येत नाही, सवय बदलावी लागते.

वाद झाल्यास

नोंदणी ऐच्छिक असली तरी पुरावा म्हणून ती उपयोगी पडते. कलाकृतीसाठी शुल्क पाचशे रुपये आहे. कृती मालावर वापरण्याजोगी असेल, जसे बोधचिन्ह, तर दोन हजार रुपये आणि सोबत व्यापारचिन्ह निबंधकाचा दाखला लागतो. अर्जानंतर हरकतींसाठी तीस दिवस थांबावे लागते.

हक्कभंगाचा दावा जिल्हा न्यायालयात दाखल होतो. बासष्टावे कलम सीमाभागाच्या दृष्टीने मोलाचे आहे. भंग करणारा लातूर, नांदेड, सोलापूर किंवा हैदराबादचा असला, तरी दावा करणारा जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो तेथील न्यायालयात दावा करता येतो. बिदरच्या मुलाने महाराष्ट्रात किंवा तेलंगणात खेटे घालण्याचे कारण नाही. मनाई हुकूम, भरपाई आणि नफ्याचा हिशेब मागता येतो. जाणूनबुजून केलेल्या भंगाला सहा महिने ते तीन वर्षे कैद व पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे; २०२२ च्या निट प्रो निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र ठरवला. तरीही पोलिसांकडे धावण्यापूर्वी रीतसर नोटीस पाठवावी असे मला वाटते. छोट्या गावात ग्राहक, शेजारी आणि नातेवाईक एकच असतात.

पैसे थकण्याची तक्रार तर चोरीपेक्षाही जास्त. यावर २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा आहे. डिझायनरने काम देण्याआधी ‘उद्यम’ नोंदणी केलेली असेल, तर ग्राहकाला ठरलेल्या मुदतीत, आणि ती जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांची, पैसे द्यावे लागतात. मुदत ठरली नसेल तर पंधरा दिवसांत. अन्यथा राज्याच्या सुलभीकरण परिषदेकडे दाद मागता येते. नोंदणी निःशुल्क आहे. अंतिम वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याकडून ती वर्गातच करून घेता येईल.

माझ्या त्या विद्यार्थ्याने नोटीस पाठवली. दुसऱ्या जिल्ह्यातील वर्गाने फलक उतरवला. पहिल्या ग्राहकाने उत्तर दिले नाही, पण वह्यांच्या पुढच्या छपाईपूर्वी त्याला बोलावून वेगळा मोबदला दिला, रक्कम फार नव्हती. यंदा आमच्या वार्षिकांकाचे मुखपृष्ठ दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने केले आहे. आतील पानावर तिचे नाव आहे, आणि एका अंकापुरती परवानगी दिल्याचा तिच्या सहीचा कागद कार्यालयात ठेवला आहे. कार्यालयाने तो कोणत्या फाइलमध्ये लावायचा, हे विचारायला शिपाई दोनदा माझ्याकडे येऊन गेला.